किंमत उतरते, खर्च उतरत नाही

ब्रिटनमध्ये वीस वर्षं जुनी रेंज रोव्हर आज तीन ते पाच हजार पौंडांत मिळते. मध्यम आकाराची नवी मोटरसायकल घ्यायची म्हटली तरी तिथे साधारण एवढेच पैसे पडतात. तेवढ्यात चामड्याच्या सीट, खऱ्या लाकडाच्या पट्ट्या, आठ सिलिंडरचं इंजिन आणि चिखल-बर्फाला न जुमानणारी चार चाकं दाराशी येऊन उभी राहतात. पहिल्या मालकाने याच गाडीसाठी चाळीस ते साठ हजार पौंड मोजलेले असतात. एवढी घसरण पाहिली की कुणालाही मोह पडावा.

या घसरणीतच सगळी ग्यानबाची मेख आहे. जुन्या गाडीची किंमत बाजार ठरवतो. तिच्या कॉम्प्रेसरची, गिअरबॉक्सची, हेडलाइटची किंमत मात्र ठरलेली असते ती पन्नास हजारांची गाडी घेणारं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून. गाडी स्वस्त झाली म्हणून तिचा गिअरबॉक्स स्वस्त होत नाही, आणि तो उतरवायला लागणारे तासही कमी होत नाहीत.

शिवाय अशी गाडी सहसा एका हातात राहत नाही. पहिली तीन वर्षं ती एखाद्या कंपनीच्या नावावर, वॉरंटीच्या छत्राखाली जातात. दुसरा मालक अधिकृत सर्व्हिस सेंटरची बिलं कुरकुरत का होईना पण भरतो. तिसरा बाहेरचा मेकॅनिक शोधतो. चौथ्याच्या हातात गाडी येते तेव्हा तिची किंमत छोट्या हॅचबॅकएवढी झालेली असते आणि त्याचं वार्षिक अंदाजपत्रकही हॅचबॅकचंच असतं. प्रत्येकाने काही ना काही दुखणं अंगावर काढलेलं असतं: हे बुश पुढच्या वर्षी, तो पट्टा आणखी दहा हजार मैलांनी, ती गळती किरकोळ आहे, चालेल. स्वस्तात गाडी घेणारा या सगळ्या टाळलेल्या कामांचाही वारसदार होतो.

चिखलातून दिवाणखान्यात

जून १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर बाजारात आली तेव्हा ती अशी नव्हती. चार्ल्स स्पेन्सर किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड या अभियंत्यांनी ती आखली, डेव्हिड बाश यांनी तिला रूप दिलं. दोन दारं, सगळ्या चाकांना कायम ताकद, आणि पाटे काढून त्या जागी गुंडाळीच्या लांब स्प्रिंगा. आत गालिचा नाही, चामडं नाही. चिखल झाला तर पाण्याच्या पाइपने धुऊन काढावा अशी जमीन. किंमत होती १,९९८ पौंड. त्या गाडीत बिघडण्याजोगं फार काही नव्हतं, आणि जे होतं ते शेतावरच्या गॅरेजात पाने-हातोडीने दुरुस्त होत असे.

मग गिऱ्हाईक बदललं. शेतमालकांबरोबर शहरातले श्रीमंतही ती घेऊ लागले. १९८१ मध्ये कारखान्यातूनच चार दारांची गाडी निघू लागली. १९९२ मध्ये लांब चाकांतराच्या एलएसई आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं हवेचं सस्पेन्शन आलं. १९९४ मध्ये पी३८ए नावाने ओळखली जाणारी दुसरी पिढी आली. हे नाव तिला सोलिहलच्या कारखान्यातल्या एका इमारतीच्या क्रमांकावरून पडलं. दारांची कुलुपं, काचा, सीट, दिवे, सगळ्यांवर एका मध्यवर्ती संगणकाची सत्ता सुरू झाली. २००२ मध्ये आलेली तिसरी पिढी, एल३२२, याहून कितीतरी गुंतागुंतीची होती.

याच काळात ही गाडी बनवणारी लँड रोव्हर कंपनीच हातोहात फिरत होती. १९९४ मध्ये तिचा मालक रोव्हर समूह बीएमडब्ल्यूकडे गेला, २००० मध्ये लँड रोव्हर फोर्डने घेतली, आणि जून २००८ मध्ये जग्वारसह ती टाटा मोटर्सकडे आली. व्यवहार होता २.३ अब्ज डॉलरचा. जुनी गाडी घेणाऱ्याला हा इतिहास कामाचा आहे. २००२ ते २००५ या काळातल्या एल३२२ मध्ये इंजिनं बीएमडब्ल्यूची आणि बरीचशी विजेची यंत्रणाही त्याच घराण्याची. २००६ च्या सुमारास पेट्रोल इंजिनं जग्वारची झाली, त्यानंतर फोर्डच्या काळातलं आठ सिलिंडरचं डिझेल आलं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे सुटे भाग, स्कॅनर आणि जाणकार मेकॅनिक वेगळे असू शकतात. म्हणून नुसतं ‘रेंज रोव्हर’ म्हणून भागत नाही; वर्ष आणि इंजिन कोणतं हे आधी पाहावं लागतं.

हवेवर उभी गाडी

या गाड्यांचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं म्हणजे हवेचं सस्पेन्शन. ते नीट समजून घेतलं तर बाकीच्या बिघाडांची रीतही समजते.

पोलादी स्प्रिंगेच्या जागी इथे प्रत्येक चाकावर रबराची जाड पिशवी असते. एक विजेचा छोटा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. तिथून ती झडपांच्या ठोकळ्यातून, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून, ज्या चाकाला हवी त्या चाकाकडे जाते. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजतो आणि संगणक ठरवतो की कुठे हवा भरायची, कुठे सोडायची. हमरस्त्यावर गाडी थोडी खाली बसते, ओढ्यात वर उचलली जाते, माणसं चढताना गुडघे टेकल्यासारखी वाकते. अडीच टनांच्या आसपासची गाडी खड्ड्यांवरून एवढी मऊ जाते ती याच पिशव्यांमुळे.

आता रबराचं वय पाहा. पिशवीचा खालचा भाग आत दुमडलेला असतो आणि गाडी हलली की ती घडी वर-खाली लोळत राहते. वर्षानुवर्षं तीच जागा दुमडून तिथे बारीक भेगा पडतात. भेग पडली म्हणजे पिशवी लगेच फुटते असं नाही. हवा हळूहळू झिरपते. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. संगणक जागा होऊन बाकीचे कोपरेही त्याच पातळीला आणतो, म्हणजे उरलेल्या पिशव्यांतली चांगली हवाही सोडून देतो. सकाळी चावी फिरवली की कॉम्प्रेसरला पूर्ण गाडी नव्याने उचलावी लागते.

हा कॉम्प्रेसर मुळात थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. रोज पाच-दहा मिनिटं घरघरत राहिला की तो तापतो, त्याच्या दट्ट्याची कडी झिजते, आणि मग दाब तयार व्हायला आणखी वेळ लागतो. हवेतली ओल शोषणारी भुकटी थकली की ओल झडपांपर्यंत पोचते आणि तिथली बारीक रबरी कडी खराब होतात. शेवटी पी३८ए च्या पडद्यावर इशारा उमटतो: सस्पेन्शनमध्ये दोष, कमाल वेग ताशी ३५ मैल. तेव्हा गाडी आपल्या थांब्यांवर बसलेली असते आणि बैलगाडीसारखी आदळत असते.

हिशेब असा: सुरुवातीच्या दुखण्यावर इलाज होता शंभरेक पौंडांची एक पिशवी. वर्षभर दुर्लक्ष केल्यावर बिलात चार पिशव्या, चार-पाचशे पौंडांचा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉकची दुरुस्ती आणि मजुरी अशी बेरीज होते. महागड्या जुन्या गाडीत मोठी बिलं बहुधा अशाच साखळीने तयार होतात. पहिली कडी स्वस्त असते.

ही पहिली कडी पकडायला स्कॅनर लागत नाही. गाडी सर्वांत उंच स्थितीत न्यावी, म्हणजे एरवी लपलेली घडी उलगडते. साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून पिशवीवर आणि हवेच्या नळीच्या जोडांवर मारावं. जिथे बुडबुडे येत राहतील तिथे गळती आहे. गाडी घेण्याआधी आणखी एक सोपी परीक्षा: रात्री चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवावं आणि सकाळी पुन्हा मोजावं.

कंटाळलेले मालक हे सगळं काढून पोलादी स्प्रिंगा बसवतात. पी३८ए साठी असे तयार संच बाजारात सहज मिळतात. खर्च थांबतो, पण उंची बदलण्याची सोय जाते आणि चालही कडक होते. तिथल्या विमा कंपनीला या बदलाची माहिती देणंही आवश्यक असतं. न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

इंजिन: तापमान आणि तेल

पी३८ए पर्यंत रेंज रोव्हरचं हृदय होतं रोव्हरचं व्ही८ इंजिन. ते मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचं. १९६१ ते १९६३ एवढाच काळ तिथे बनलेल्या या अॅल्युमिनियमच्या हलक्या इंजिनाचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले आणि त्यावर पुढची तीन-चार दशकं काढली. साडेतीन लिटरपासून सुरू झालेलं इंजिन वाढत वाढत ४.६ लिटरपर्यंत गेलं. ही वाढ करताना सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटरवरून ९४ मिलिमीटर झाला. ब्लॉक मात्र त्याच बांधणीचा राहिला, त्यामुळे सिलिंडरच्या मागची अॅल्युमिनियमची भिंत पातळ झाली.

सिलिंडरच्या आत ओतीव लोखंडाची नळी, म्हणजे लायनर, दाबून बसवलेली असते. लोखंड आणि अॅल्युमिनियम तापल्यावर सारखं प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदा जोरात तापलं की लायनरमागच्या पातळ भिंतीला चीर जाऊ शकते, लायनर सैल होऊन वर-खाली सरकू लागतो आणि गरम इंजिनातून टक-टक आवाज येतो. दुसरं लक्षण अधिक फसवं: जमिनीवर एक थेंबही नाही, तरी कूलंट कमी होत जातं आणि रेडिएटरचे पाइप दगडासारखे टणक होतात. यावर पक्का इलाज म्हणजे ब्लॉकचं यंत्रकाम करून काठ असलेले, टोपीसारख्या आकाराचे लायनर बसवणं. या कामाचं बिल गाडीच्या किमतीच्या पुढे सहज जातं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. आणि या सगळ्याची सुरुवात अनेकदा गाळाने भरलेल्या रेडिएटरपासून किंवा दहा पौंडांच्या फुगलेल्या पाइपापासून झालेली असते.

डिझेलची कथा वेगळी. लँड रोव्हरच्याच, २००४ मध्ये आलेल्या डिस्कव्हरी ३ या गाडीत फोर्ड आणि प्यूजो-सित्रोएन यांनी मिळून विकसित केलेलं २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. चालवायला गोड, आवाजाला शांत. पण क्रँकशाफ्टची बेअरिंग जागेवरून फिरणं आणि पुढे क्रँकच तुटणं ही या इंजिनाची कुप्रसिद्ध व्याधी आहे. बेअरिंगचं कवच फिरलं की तेलाचं भोक झाकलं जातं, तेल पोचत नाही, आणि मग फार पूर्वसूचना न देता इंजिन संपतं. सुरुवातीच्या इंजिनांत तेलपंपाच्या कवचाचा एक कमकुवत भागही होता. टायमिंग बेल्टचा ताण धरणारी पुली तिथेच बसते. तो भाग तुटला की बेल्ट सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पुढे कंपनीने हा भाग सुधारला.

टायमिंग बेल्ट बदलण्याची अधिकृत मुदत ब्रिटनमध्ये १,०५,००० मैल किंवा ७ वर्षं, जे आधी येईल ते. विकणारा मैल सांगतो, घेणाऱ्याने वर्षं मोजावीत. वीस वर्षांच्या गाडीत हा बेल्ट निदान दोनदा बदललेला असायला हवा. इंजिनच्या मागच्या बाजूला डिझेलपंपाचा आणखी एक छोटा बेल्ट असतो, तो पुष्कळदा विसरला जातो. तेल बदलण्याची अधिकृत मुदत १५,००० मैल होती. जाणते मेकॅनिक ती निम्म्यावर आणतात. तेल आणि फिल्टर हा या गाडीतला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

‘आयुष्यभराचं’ तेल

२००५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्यातलं तेल गाडीच्या आयुष्यभर पुरेल असं विकताना सांगितलं गेलं. मात्र गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफचा स्वतःचा सल्ला ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला असा आहे. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी ठरू शकतात, फक्त ‘आयुष्य’ कुणाचं मोजायचं हा प्रश्न आहे. पहिल्या मालकाच्या हिशेबात आयुष्य तीन-चार वर्षांचं असतं.

या गिअरबॉक्सचा तळ प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा तर तळच बदलावा लागतो. तेल, तळ आणि मजुरी मिळून काही शे पौंड. तेल काळं होऊन गिअर बदलताना झटके बसू लागले, ताशी तीस-चाळीस मैलांवर गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरू लागली, की टॉर्क कन्व्हर्टरचं काम आलं असं समजावं. तिथे आकड्याला आणखी एक शून्य लागतं.

पाणी, वीज आणि मीठ

विजेचे बिघाड या गाड्यांत गूढ वाटतात, पण त्यांच्या मुळाशी पुष्कळदा साधं पाणी असतं. डिस्कव्हरी ३ च्या सनरूफच्या चौकटीत पडलेलं पाणी बारीक नळ्यांतून खाली उतरतं. नळी पानांच्या कचऱ्याने तुंबली किंवा जोडातून निसटली की पाणी खांबाच्या आतून पायांखालच्या गालिच्यात येतं, आणि वायरिंगचे जोड तिथेच असतात. पी३८ए मध्ये हीटरच्या नळ्यांच्या जोडावरची रबरी कडी सुकतात आणि गरम कूलंट गालिच्यावर ठिबकतं. दोन कड्यांची किंमत किरकोळ. पुस्तकी पद्धतीने काम करायचं तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अनुभवी हात बाजूने शिरकाव करून तेच काम काही तासांत करतात. जुन्या गाडीला असा माणूस भेटणं हीच तिची आयुष्यरेषा.

पी३८ए चा मध्यवर्ती संगणक पुढच्या सीटखाली असतो. रिमोटचा संदेश ऐकणारं त्याचं रेडिओ उपकरण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं. याच लहरींवर शेजाऱ्याचं बिनतारी हवामान-यंत्र किंवा गेटचा रिमोटही बोलत असतो. प्रत्येक संदेशाने संगणक जागा होतो, आपल्यासाठी नाही म्हणून पुन्हा झोपतो, आणि चार-सहा दिवसांत बॅटरी उतरते. कंपनीला हे उपकरण सुधारून पुन्हा द्यावं लागलं. बॅटरी पूर्ण उतरल्यावर गाडी मालकालाच चोर समजते. मग दाराच्या कुलपात किल्ली डावी-उजवी ठरलेल्या वेळा फिरवून चार आकड्यांचा गुप्त क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक कागदपत्रांत नसेल किंवा न वापरलेलं कुलूप गंजलेलं असेल, तर टेम्पो बोलवायची वेळ येते.

तिसरा शत्रू मीठ. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चेसिसच्या पेटीसारख्या पोकळीत साठतं आणि आतून गंज चढतो. ब्रेकच्या पोलादी नळ्या चेसिसवरून, टाकीच्या वरून जातात. गंजलेली नळी बदलणं सोपं, तिच्यापर्यंत पोचणं अवघड. वरून चकाकणारी गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पसंत करू नये ते याचसाठी.

डिस्कव्हरी ३ च्या बाबतीत तर टर्बो बदलण्यासारख्या कामांना अनेक गॅरेजं अख्खी बॉडीच चेसिसवरून वर उचलतात. ऐकायला भयंकर, पण जोड सुटे करून लिफ्टने बॉडी वर घेतली की इंजिनच्या चारही बाजू मोकळ्या होतात आणि एकूण वेळ वाचतो. तरीही पूर्ण दिवसाची मजुरी लागतेच. म्हणून शहाणा मालक बॉडी वर असतानाच गंजलेल्या नळ्या, मागचा बेल्ट आणि झिजलेले पाइप उरकून घेतो. भाग चाळीस पौंडांचा, तिथवर पोचायचं भाडं हजाराचं, असं हे गणित आहे.

सरकारचा वाटा

ब्रिटनमध्ये १ मार्च २००१ ते ३१ मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा वार्षिक कर त्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. यात एक मजेशीर रेषा आहे: २३ मार्च २००६. त्याआधी नोंदलेल्या जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना कराची वरची मर्यादा आहे. ती आज वर्षाला चारशे पौंडांच्या थोडी वर जाते. त्या तारखेपासून नोंदलेल्या, किलोमीटरला २५५ ग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीला सातशेच्या वर मोजावे लागतात. एकाच महिन्यात बनलेल्या दोन जुळ्या रेंज रोव्हरमध्ये हा फरक पडू शकतो.

लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्राचा नियम याच्या उलट चालतो. २९ ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये, लागू झालं. पेट्रोल गाडी युरो ४ ची आणि डिझेल गाडी युरो ६ ची नसेल, तर दिवसाला १२.५० पौंड भरायचे. त्यामुळे काटकसर म्हणून घेतलेली डिस्कव्हरी ३ ची डिझेल लंडनमध्ये रोज दंड भरते, आणि इंधन ढोसणारी २००६ नंतरची पेट्रोल व्ही८ बहुधा बिनधास्त फिरते.

एका वर्षाचा ताळेबंद

आता आकडे एका ओळीत मांडू. पेट्रोल व्ही८ आणि वर्षाला ७,००० मैल, म्हणजे साधारण ११,२०० किलोमीटर धरू. लिटरला ६ किलोमीटर आणि लिटरचा भाव १.४० पौंड धरला तर इंधनाचे २,६०० पौंड. कर ७५०, विमा ५००, नेमाची सर्व्हिस ५००, टायरचा वार्षिक वाटा २५०. वार्षिक एमओटी तपासणीचं कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. आणि अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवायचे निदान १,५०० पौंड. बेरीज सहा हजारांच्या वर जाते. चार हजारांना घेतलेली गाडी दर वर्षी स्वतःच्या दीडपट पैसे मागते.

याची दुसरी बाजू जमेला धरलीच पाहिजे. नवी रेंज रोव्हर आज तिथे लाख पौंडांच्या पुढे आहे आणि पहिल्या वर्षातच तिची किंमत जेवढी उतरते, त्यात जुनी गाडी विकत घेऊन वर्षभर चालवून होते. जुन्या गाडीची किंमत आणखी पडायला जागाच उरलेली नसते. ‘दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आली, भंगारात काढा’ हा हिशेब म्हणून अपुरा आहे. विचारायचा प्रश्न असा: हे काम केल्यावर गाडी किती वर्षं चालेल, आणि तेवढ्या वर्षांसाठी दुसरी गाडी घेतली तर काय पडेल? दोन हजारांचं काम तीन वर्षं देणार असेल तर ते महाग नाही. तेच काम गंजलेल्या चेसिसवर केलं तर पैसे पाण्यात.

फारच थोड्या गाड्या या दरीतून वर येतात. पहिल्या पिढीची रेंज रोव्हर एके काळी मातीमोल झाली होती. २०१७ मध्ये लँड रोव्हरनेच जुन्या दोन दारी गाड्या मुळापासून नव्या करून विकायला काढल्या, किंमत १,३५,००० पौंडांपासून पुढे. पण हे भाग्य साध्या यंत्रणेच्या आणि दुर्मिळ गाड्यांचं. वीस वर्षांपूर्वीच्या संगणकांनी भरलेल्या गाड्यांकडून तशी आशा ठेवून पैसे घालू नयेत.

आपल्याकडे

लँड रोव्हर भारतात अधिकृतपणे विकायला सुरुवात झाली २००९ मध्ये, मुंबईपासून. २०११ मध्ये पुण्यात तिच्या फ्रीलँडर २ या मॉडेलची जुळणी सुरू झाली आणि मे २०२४ मध्ये खुद्द रेंज रोव्हरची जुळणी इथे करण्याची घोषणा झाली. २००९ सालच्या त्या पहिल्या गाड्या मात्र पूर्णपणे आयात केलेल्या होत्या आणि त्यांनी आता पंधरा वर्षं ओलांडली आहेत. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून आयात केलेल्या चारचाकीसाठी हे शुल्क ४० हजार रुपये झालं. देशी मोटारीला तेव्हा ५ हजार लागत होते.

रस्त्यावरच्या मिठाचा त्रास आपल्याकडे नाही. कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याची भरपाई करतात. डिस्कव्हरी ३ नवी असताना ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शके. हा आकडा ऐकून तुंबलेल्या रस्त्यात जुनी गाडी घालणारे विसरतात की तो नव्या रबरी सीलांचा आणि वर उचलल्या जाणाऱ्या सस्पेन्शनचा आहे. डिफरन्शियलच्या हवेच्या नळ्या तडकलेल्या असतील तर पाणी तेलात जातं आणि बिघाड दिवाळीच्या सुमारास कळतो. पावसाळ्याआधी सनरूफच्या नळ्या साफ करणं आणि पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं तेल पाहणं, ही दोन कामं इथे तेलबदलाइतकीच महत्त्वाची.

मोठा फरक मात्र माणसांचा आणि भागांचा आहे. ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक गावाच्या टप्प्यात फक्त लँड रोव्हर करणारं एखादं खासगी गॅरेज सापडतं. मोडलेल्या गाड्यांचे भाग, पर्यायी कंपन्यांचे भाग, दुरुस्तीचे संच सगळं मिळतं. आपल्याकडे गाड्याच कमी, त्यामुळे भंगारातला भाग मिळणं नशिबाचं. आयातीचा खर्च आणि वाट पाहण्याचे आठवडे धरावे लागतात. म्हणून इथे आधी मेकॅनिक ठरवावा, त्याच्याकडे त्या मॉडेलचा स्कॅनर आहे का ते विचारावं, आणि मगच गाडी शोधावी.

घ्यायचीच असेल तर

पहिली गोष्ट, सगळ्यात स्वस्त गाडी घेऊ नये. दोन हजार जास्त देऊन घेतलेली, नीट राखलेली गाडी पहिल्या वर्षातच ते दोन हजार परत करते. दुसरी, खरेदीच्या किमतीइतकेच नाही तरी निम्मे पैसे हाताशी ठेवून मग व्यवहार करावा, आणि पहिल्या महिन्यात कुठला बेल्ट, कुठलं तेल, कुठलं कूलंट केव्हा बदललं याचा पुरावा नसेल तर सगळं बदललं नाही असंच धरावं. तिसरी, इंजिन थंड असताना गाडी पाहायला जावं; आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवत असते. सस्पेन्शनचे सगळे टप्पे, सगळ्या काचा, दोन्ही किल्ल्या आणि लो-रेंज गिअर वापरून पाहावेत. गालिच्याखाली हात घालून ओल तपासावी.

आणि शेवटी कागद. ब्रिटनमध्ये नोंदणी क्रमांक टाकला की कुठल्याही गाडीचा एमओटी इतिहास फुकट पाहता येतो: कोणत्या वर्षी ती कशात नापास झाली, किती मैल झाले होते, तपासनिसाने कोणती दुरुस्ती सुचवली होती. एकच सूचना तीन वर्षं लागोपाठ दिसली तर मालकाने ती तीन वर्षं वाचून बाजूला ठेवली, एवढं नक्की. भारतात अशी सोय नाही, तेव्हा बिलांची फाईल मागावी. जाड, तेलकट बोटांचे डाग पडलेली फाईल असेल तर भाव करताना फार ताणू नये. फाईलच नसेल, तर त्या फाईलमध्ये असायला हवी होती ती सगळी बिलं आपल्याला भरायची आहेत असं समजून किंमत सांगावी. आणि ती विकणाऱ्याला मान्य नसेल तर सरळ उठावं.